केसपेपरवर ‘अधूनमधून’ लिहिणाऱ्या डॉक्टरास

तुझे रिपोर्ट वाचले. दोनदा वाचले. खाली तू लिहिलंयस, ‘मॅडम, सगळं नॉर्मल. एचडीएल तर बासष्ट! काळजीचं काही नाही.’ काळजीचं आहे, आणि ते आकड्यांपेक्षा तुझ्या या तीन वाक्यांत जास्त आहे. एमडी होऊन ओपीडी चालवणारा माणूस स्वतःचा रिपोर्ट असा वाचत असेल, तर तो दुसऱ्यांचे कसे वाचत असेल या विचाराने मला झोप लागली नाही. म्हणून आज गोड बोलणार नाही. पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री मीच शिकवली आहे तुला. तेव्हा मधे बोलायचं नाही, आधी पूर्ण ऐकून घ्यायचं.

फोनवर विचारलं तेव्हा तूच सांगितलंस, ‘आम्ही शनिवारी बसतो, रविवारी मित्राकडे बिअर, मधल्या वारी कधीतरी दोन लार्ज. तेवढंच.’ तेवढंच म्हणजे किती? हा हिशेब तू रुग्णाकडून कधी करून घेतला नाहीस आणि स्वतःचाही केला नाहीस, म्हणून मी केला. शनिवारची एक क्वार्टर म्हणजे 180 मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत अल्कोहोल 42.8 टक्के, म्हणजे 77 मिली शुद्ध अल्कोहोल. एक मिलीचं वजन 0.79 ग्रॅम. आले 61 ग्रॅम. रविवारच्या दोन स्ट्राँग बिअर, प्रत्येकी 650 मिली, आठ टक्के धरू: 82 ग्रॅम. मधल्या वारचे दोन लार्ज: चाळीस. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल पोटात गेलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपानाची बैठक म्हणते. तू ती रेघ आठवड्यातून दोनदा ओलांडतोस आणि सोमवारी पांढरा कोट घालून रुग्णाला म्हणतोस, ‘जरा कमी करा.’

सोमवारचं आणखी एक सांगते, हे मला सर्वांत जास्त लागलं. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल जाळतं. चहा, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. 82 ग्रॅम संपायला दहा-अकरा तास हवेत. रविवारी रात्री दहाला सुरू करून मध्यरात्रीपर्यंत बसलास, तर सोमवारी सकाळी आठ-नऊपर्यंत तुझ्या रक्तात अल्कोहोल आहे. ओपीडी नऊला उघडते. हृदयविकाराचा पहिला रुग्ण दारात उभा असतो. तुला काही जाणवत नाही म्हणतोस. न जाणवणं म्हणजे सवय झाली, इतकाच त्याचा अर्थ. हे तू फार्माकॉलॉजीत शिकला आहेस.

आता रिपोर्ट. जीजीटी, ते यकृताचं विकर, नॉर्मल आहे म्हणून खूश आहेस. जीजीटी भरपूर पिणाऱ्या कितीतरी लोकांत नॉर्मल राहतं आणि न पिणाऱ्यांत लठ्ठपणाने, मधुमेहाने, फिटच्या गोळ्यांनी वाढतं. त्याच्यावर निर्धास्त राहायचं नाही, हे तुला तिसऱ्या वर्षाला सांगितलं होतं. आणि तू स्वतःच कबूल केलंस की रक्त द्यायच्या आधी दहा दिवस ‘ब्रेक’ घेतला होता. कशाला घेतला? आजार शोधायला गेला होतास की प्रमाणपत्र मिळवायला? तरीही त्या कागदावर एमसीव्ही 101 आहे आणि ट्रायग्लिसराइड 264. सोनोग्राफीत पहिल्या श्रेणीचं फॅटी लिव्हर. तांबड्या पेशी फुगल्यात, रक्तात चरबी तरंगते आहे, यकृतात चरबी साठते आहे, आणि तुला कागदावर दिसलं फक्त एचडीएल. परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतंस तर मी नापास केलं असतं. आयुष्यात तर मी तुला उत्तीर्ण करूच शकत नाही.

तू दिलेल्या रक्तात एक मेद होता, तो तू तपासला नाहीस. त्याचं नाव फॉस्फॅटिडिलइथेनॉल. जगभरचे डॉक्टर त्याला थोडक्यात पेथ म्हणतात. वहीत पेशीच्या आवरणाचं चित्र काढायला लावलं होतं ना मी? दोन शेपट्या आणि एक डोकं असलेले फॉस्फोलिपिड. त्यातलं नेहमीचं फॉस्फॅटिडिलकोलीन. फॉस्फोलायपेज डी नावाचं विकर त्याचं कोलीनचं डोकं कापतं आणि त्या जागी पाण्याचा रेणू बसवतं. तयार होतं फॉस्फॅटिडिक आम्ल. पेशीच्या आत निरोप पोचवायला ते लागतं. आता याच वेळी आसपास अल्कोहोल असेल, तर ते विकर पाण्याकडे बघतही नाही. अल्कोहोलची ओढ त्याला पाण्याच्या हजारपटीने जास्त. पाणी सगळीकडे आहे, अल्कोहोल चिमूटभर, तरी ते अल्कोहोलच उचलतं. निरोप देणाऱ्या आम्लाऐवजी तयार होतो हा पेथ. तो अल्कोहोलवाचून शरीरात बनत नाही. औषधांनी बनत नाही, मधुमेहाने बनत नाही, वडिलांकडून मिळालेल्या फॅटी लिव्हरनेही बनत नाही. दारू पोटात गेली तरच बनतो. तांबड्या रक्तपेशी त्याला फार सावकाश मोडतात, म्हणून तो त्यांच्या आवरणात साचत राहतो. अर्धा व्हायला साधारण चार ते दहा दिवस घेतो. तुझ्या दहा दिवसांच्या ब्रेकने काय झालं असतं? निम्मा, अगदी कमी म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा राहिला असता. संपला नसता. नेमाने भरपूर पिणाऱ्याच्या रक्तात शेवटच्या घोटानंतर तीन-चार आठवडेही तो सापडतो. मधुमेहाचा रुग्ण तपासणीआधी तीन दिवस गोड सोडतो आणि तू त्याला एचबीए1सी दाखवून म्हणतोस, ‘काका, तीन महिन्यांचं सगळं इथे दिसतं.’ तोच न्याय तुला लागू आहे.

हे काल-परवा सापडलेलं नाही, त्यामुळे ‘आम्हाला शिकवलं नव्हतं’ हे कारण चालणार नाही. स्वीडनच्या ऑलिंग, गुस्तावसन आणि आंगगार्ड यांनी 1983 साली दारू दिलेल्या उंदरांच्या अवयवांत हा परका फॉस्फोलिपिड दाखवला. 1997 मध्ये ऑलिंग यांच्याच गटाने व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या पुरुषांच्या रक्तात तो दोन आठवड्यांपर्यंत मोजला. 2022 मध्ये बाझलच्या सहमतीत तज्ज्ञांनी दोन पायऱ्या ठरवल्या. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये 20 नॅनोग्रॅमच्या खाली, तर न पिण्याच्या सांगण्याशी ते जुळतं. 200 किंवा त्यावर, तर नेमाने आणि अति. स्वीडनमध्ये साध्या दवाखान्यातही ही तपासणी मागवतात. यकृत प्रत्यारोपणाच्या केंद्रांत रुग्ण प्रत्यारोपणाआधी आणि नंतर खरंच थांबला आहे का, हे तिच्यावरून पाहतात.

तिच्या मर्यादाही सांगते, कारण अर्धवट ज्ञान घेऊन तू उद्या दुसऱ्याच कुणाच्या मानेवर बसशील. आकडा म्हणजे ग्रॅम नव्हे. सारखंच पिणाऱ्या दोघांचे आकडे दूर असू शकतात. एखादा प्याला कधीतरी घेणाऱ्याचा आकडा वीसच्या आतही राहतो. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात रक्तदात्याचा पेथ सापडू शकतो. रक्त घेतलं तेव्हा त्यात अल्कोहोल असेल आणि नळी नीट थंड ठेवली नाही, तर नळीतही थोडा तयार होतो. हे सगळं लक्षात ठेवून वाचायचं. पण यातलं एकही कारण तुझ्या क्वार्टरला लागू पडत नाही.

आता चरबीच्या पेशींकडे ये. इथे तू सर्वांत मोठी चूक करतोस. तुझं म्हणणं, ‘मॅडम, माझं वजन वाढलेलं नाही, उलट हातपाय बारीक झालेत, मग फॅटी लिव्हर कुठून?’ एमडी माणसाने हा प्रश्न विचारावा? चरबीची पेशी ही नुसती साठवणीची जागा नाही. जेवलेल्या माणसात इन्शुलिन तिला सांगतं, ‘आता दार बंद कर, मेदाम्लं बाहेर सोडू नकोस.’ नेमाने दारू पिणाऱ्यात ती पेशी हा हुकूम ऐकेनाशी होते. तिच्यातली ट्रायग्लिसराइड फोडणारी विकरं मोकळी सुटतात आणि मेदाम्लं रक्तात वाहू लागतात. ती जातात कुठे? यकृतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या चरबीतल्या मेदावर जड हायड्रोजनची खूण केली, त्यांना अल्कोहोल दिलं आणि तीच खूण केलेली चरबी यकृतात जाऊन बसलेली दाखवली. चरबीच्या पेशी रिकाम्या होत गेल्या आणि यकृत भरत गेलं. बारीक झालेल्या हातापायांचा अर्थ हा आहे. तुझ्या सोनोग्राफीवर जो पांढरेपणा दिसतो, त्यातली बरीचशी चरबी तुझ्या स्वतःच्या अंगातून तिथे गेलेली असू शकते. आणि तू आरशासमोर उभा राहून खूश होतोस.

इन्शुलिनला तिथे काय होतं, तेही समजून घे. इन्शुलिन आलं की चरबीच्या पेशीतल्या ग्लूट-4 च्या पिशव्या आवरणापर्यंत येतात, त्यात मिसळतात, आणि साखर आत शिरते. हे मिसळणं नीट व्हायला फॉस्फोलायपेज डी-1 लागतं, हे 2005 मध्ये दाखवलं गेलं. हेच ते विकर, ज्याला अल्कोहोल पाण्याऐवजी स्वतःकडे ओढतं. प्रयोगशाळेत पेशीला फॉस्फॅटिडिक आम्ल मिळू द्यायचं नसेल, तर संशोधक मुद्दाम साधं अल्कोहोल घालतात, ब्यूटेनॉलसारखं, म्हणजे विकर चुकीच्या वाटेला लागतं. तू शनिवारी रात्री पेल्यात ओततोस ते त्याच घराण्यातलं रसायन. 2013 साली उंदरांना तीन दिवस झिंगेपर्यंत अल्कोहोल देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातलं अल्कोहोल संपून गेल्यावरही इन्शुलिनला होणारा विरोध शिल्लक होता. ‘रविवारीच प्यायलो, सोमवारी ठीक’ या तुझ्या समजुतीला त्याने छेद जातो.

चरबीत अल्कोहोलची दुसरीही खूण राहते. अल्कोहोल मेदाम्लांना जोडलं जाऊन इथाइल एस्टर बनतात. सेंट लुईसमध्ये लापोसाटा आणि लँग यांनी 1986 मध्ये शवविच्छेदनात दारूने सर्वाधिक इजा होणाऱ्या अवयवांत ते मोजले: स्वादुपिंड, यकृत, हृदय, आणि चरबीतही. यांतल्या काही अवयवांत अल्कोहोल जाळणारी नेहमीची विकरं फारशी नाहीतच, तरी इजा होते. ती कशी, याचं एक उत्तर या एस्टरांत शोधलं जातं. रक्तातून ते एखाद्या दिवसात निघून जातात. यकृतातल्या आणि चरबीतल्या या एस्टरांचा पुढे, माणूस मेल्यानंतर तो प्यायला होता का हे ओळखायला अभ्यास झाला. जिवंतपणी खरं न बोलणाऱ्याचं शरीर नंतर बोलतं. तुझी हिस्ट्री त्या टेबलावर कुणी घ्यावी असं मला वाटत नाही, म्हणून इतकं तोंड वाजवते आहे.

आता तुझं लाडकं एचडीएल. दारूने एचडीएल वाढतं, बरोबर. पुढे? एचडीएल वाढवलं की हृदय वाचतं, हे गृहीत धरून टॉर्सेट्रापिब नावाचं औषध काढलं. त्याने एचडीएल भरपूर वाढलं आणि त्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून 2006 च्या डिसेंबरमध्ये चाचणी थांबवावी लागली. 2012 मध्ये जन्मापासून एचडीएल जास्त असणाऱ्यांचा जनुकीय अभ्यास झाला, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका कमी आढळला नाही. आकडा वाढला म्हणजे संरक्षण वाढलं असं नव्हे. शिवाय पेथ तांबड्या पेशींपुरता राहत नाही, लायपोप्रोटीनच्या कणांवरही बसतो. फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की पेथ असलेलं एचडीएल रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना वाढीचा घटक जास्त स्रवायला लावतं. म्हणजे तुझ्या एचडीएलच्या कणाची घडणच बदललेली असू शकते. तू फक्त त्याची मोजदाद केलीस. अ‍ॅडिपोनेक्टिनचंही नाव काढू नकोस. चरबीच्या पेशींतून येणारं ते संप्रेरक थोड्या दारूने वाढतं असे अभ्यास आहेत, मला माहीत आहेत. तू थोडी पीत नाहीस.

आता तुझ्या रुग्णांबद्दल. मागे मी तुझ्या दवाखान्यात आले होते तेव्हा टेबलावरचे केसपेपर पाहिले. एकेका पानावर, एकाच अक्षरात, ‘अल्कोहोल: अधूनमधून’. फॅटी लिव्हर, अधूनमधून. स्वादुपिंडाची सूज, अधूनमधून. रक्तदाब तीन गोळ्यांनी आटोक्यात येत नाही, अधूनमधून. तू विचारलंस का कुणाला, कुठली, किती मिली, आठवड्यात किती दिवस? विचारलं नाहीस. तो प्रश्न विचारला की उत्तर तुलाही द्यावं लागलं असतं. तुला नको होता म्हणून तो प्रश्न तू त्यांच्याही वाट्याला येऊ दिला नाहीस. यासाठी मी तुला क्षमा करणार नाही. तुझं शरीर तुझं आहे, तू ते नासवलंस तर मला दुःख होईल. पण तो रिक्षावाला, ती शाळेतली शिपाईबाई, तो साखर कारखान्यातला फिटर, ही माणसं तुझ्यावर विसंबून खुर्चीत बसतात.

एम्सने 2019 मध्ये देशभरचा अहवाल दिला. सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि 5.7 कोटींना त्यापायी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांतल्या एकालाच कसलाही उपचार मिळतो. बाकीचे सदतीस कुठे आहेत? ते तुझ्यासारख्यांच्या ओपीडीत बसलेले आहेत, पोटदुखी आणि झोप येत नाही या तक्रारी घेऊन. त्यांची बायको दाराआड थांबून विचारते, ‘डॉक्टर, चहातून द्यायची गोळी असते ना?’ आणि काही डॉक्टर लिहून देतात. न सांगता डायसल्फिराम देणं जिवावर बेतू शकतं. तू हे कधी केलं नसशील अशी माझी खात्री आहे. पण त्या बाईला नवऱ्यासह आत बोलावून खुर्ची दिली आहेस का कधी?

पेथची तपासणी हातात आली की ती चोर पकडायला वापरायची नाही. रुग्णाला सांगून, त्याच्या होकाराने करायची, आकडा त्याच्यासमोर ठेवायचा आणि पुढच्या महिन्यात तो उतरलेला दाखवायचा. उतरता आकडा पाहून माणसाला धीर येतो. लाज लावून कुणाची दारू सुटलेली मी पाहिलेली नाही. तुला मात्र मी लाज वाटेल असंच बोलते आहे, कारण तुला सगळं ठाऊक असून तू डोळे मिटलेस.

आता करायचं काय ते ऐक. एक, उद्यापासून झटक्यात बंद करून घरी एकटा पडू नकोस. पहाटे हात थरथरतात का? सकाळी घोट घ्यावासा वाटतो का? खरं सांग. तसं असेल तर दाखल होऊनच सोडायची. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, हे तू वॉर्डात हाताने आवरलेलं आहेस. थायमिन ग्लुकोजच्या आधी, हेही विसरू नकोस. दोन, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि तो तुझा बॅचमेट नसावा. बॅचमेट तुला सांभाळून घेईल. तीन, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचटांनी उभं केलं. तिथे डॉक्टर, इंजिनिअर, हमाल एकाच सतरंजीवर बसतात. तिथे तुझी डिग्री कुणी विचारणार नाही, आणि तुला त्याचीच गरज आहे. चार, सीएमईच्या, म्हणजे डॉक्टरांच्या शैक्षणिक व्याख्यानांनंतरच्या पार्ट्या बंद. व्याख्यान ऐकायचं आणि घरी जायचं. यकृतावरचं भाषण संपल्यावर बार उघडतो ही आपल्या व्यवसायाची पद्धत मला नेहमी घाणेरडी वाटत आली आहे आणि मी ते आयोजकांना तोंडावर सांगते.

रक्त पुन्हा दे. या वेळी ब्रेक न घेता. पेथची तपासणी कुठे होते ते लॅबला विचार, नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तर पाठव, आणि पूर्ण रक्त पाठव, सीरम नव्हे, कारण तो पेशींत असतो. आकडा मला कळवायचा, जो असेल तो. बायकोलाही दाखवायचा. चार आठवड्यांनी पुन्हा.

आणि गेल्या सहा महिन्यांचे फॅटी लिव्हरचे सगळे केसपेपर काढ. ‘अधूनमधून’ लिहिलेल्या प्रत्येकाला फोन करून पुढच्या भेटीला बोलाव. खुर्ची जवळ घे, कॉम्प्युटर बाजूला सार, आणि विचार: कुठली, किती मिली, आठवड्यात किती दिवस, शेवटची कधी. उत्तर आलं की ग्रॅममध्ये मांड, पानावर लिही, तारीख घाल, सही कर. पहिलं पान स्वतःच्या नावाचं काढ आणि शनिवारी सकाळी दहाला माझ्याकडे घेऊन ये.